एकदाच आणि एकच: पेशी आपले सेंट्रोसोम कसे मोजून वाढवते

एमएस्सीच्या प्रकल्पावर काम करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न थोडक्यात असा: हायड्रॉक्सियुरिया हे औषध घालून पेशी एस-टप्प्यात, म्हणजे डीएनए दुप्पट होण्याच्या टप्प्यात, अडवून ठेवल्या. यू-२-ओएस या हाडाच्या कर्करोगातून आलेल्या पेशींत दोन-तीन दिवसांनी सेंट्रिन या सेंट्रोसोममधल्या प्रथिनाचे सहा, आठ, कधी दहा ठिपके दिसू लागले. कर्करोग नसलेल्या आरपीई-१ पेशींत मात्र ठिपके चारच्या पुढे गेले नाहीत. डीएनए एका चक्रात एकदाच दुप्पट व्हावा यासाठी परवान्याची व्यवस्था असते, हे पुस्तकात आहे. विभाजनाचे ध्रुव बांधणाऱ्या सेंट्रोसोमला असा परवाना कोण देतं? आणि यू-२-ओएसमध्ये ही व्यवस्था मोडते ती पी५३, म्हणजे बिघडलेल्या पेशींना थांबवणारं प्रथिन, नसल्यामुळे का?

शेवटच्या शंकेपासून सुरुवात करते, कारण ती तशीच राहिली तर पुढचं सगळं चुकीच्या खुंटीवर टांगलं जाईल. यू-२-ओएस पेशींत पी५३चं जनुक शाबूत आहे. त्या पेशींत पेशीचक्राला आवर घालणारं पी१६ नाही आणि पी५३ला नष्ट करवणारं एमडीएम२ जास्त आहे, त्यामुळे पी५३चा दरारा कमी आहे, इतकं खरं. पण ‘पी५३ नाही म्हणून सेंट्रोसोम वाढले’ असं अहवालात लिहू नका. परीक्षक पहिलं बोट तिथेच ठेवतील.

आता मूळ प्रश्न. तुम्ही एक विचारलात, पण त्यात दोन प्रश्न आहेत. एका पेशीचक्रात ही वाढ एकदाच का होते, हा पहिला. आणि त्या एका वेळी प्रत्येक जुन्या सेंट्रिओलच्या अंगाला नवं सेंट्रिओल एकच का उगवतं, हा दुसरा. एकदाच आणि एकच. ऐकायला सारखं वाटतं, पण ही दोन वेगळी कुलपं आहेत आणि त्यांच्या किल्ल्याही वेगळ्या आहेत. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला मी पहिल्या आठवड्यात हे दोन प्रश्न वहीच्या दोन पानांवर वेगळे लिहायला लावते. तुमच्या यू-२-ओएसमध्ये मुख्यतः पहिलं कुलूप निघालं आहे. जिच्यात दुसरं निघालं आहे अशी पेशी सूक्ष्मदर्शकाखाली वेगळी दिसते. ती ओळखायची कशी, ते पुढे सांगते.

रचना फार लांबवत नाही. सेंट्रोसोम म्हणजे दोन सेंट्रिओल आणि त्यांच्याभोवतीचा प्रथिनांचा दाट गोळा. प्रत्येक सेंट्रिओल हा नऊ तिहेरी सूक्ष्मनलिकांचा पिंप, साधारण ५०० नॅनोमीटर लांब आणि २५० नॅनोमीटर जाड. विभाजन होऊन नुकत्याच जन्मलेल्या पेशीत असे दोन पिंप असतात. एस-टप्पा सुरू होताना प्रत्येकाच्या बुडाशी, काटकोनात, एक नवं पिल्लू फुटतं. लॅबमध्ये आपण त्यांना मदर आणि डॉटर म्हणतो, इथे मी आई आणि लेक म्हणते. जी-२पर्यंत, म्हणजे एस-टप्पा आणि विभाजन यांच्या मधल्या टप्प्यापर्यंत, लेकी लांबीने वाढतात आणि दोन्ही जोड्यांभोवती प्रथिनांचा गोळा फुगतो. दोन जोड्यांमधला धागा तुटतो, जोड्या दोन ध्रुवांना जातात आणि विभाजनानंतर प्रत्येक नव्या पेशीच्या वाट्याला पुन्हा दोन पिंप येतात. दोनाचे चार, चाराचे दोन-दोन. सेंट्रिनचा एक ठिपका म्हणजे एक पिंप. म्हणजे एस-टप्प्यात अडवलेल्या आरपीई-१ पेशीत चार ठिपके दिसले, हे बरोबरच आहे. तुमची नियंत्रण पेशी चोख वागते आहे.

या मोजमापाची काळजी का करायची, हे थिओडोर बोव्हेरीने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी दाखवून दिलं. सेंट्रोसोम हे नावही त्याचंच, १८८८ सालचं. समुद्री अर्चिनच्या एका अंड्यात दोन शुक्राणू शिरले की ध्रुव दोनाऐवजी चार होतात, गुणसूत्रांची वाटणी विस्कटते आणि गर्भ बिघडतो, हे त्याने पाहिलं. त्यावरून १९१४मध्ये त्याने मांडलं की घातक गाठींचं मूळ अशाच चुकलेल्या वाटणीत असू शकेल. डीएनएची रचना कळण्याच्या चाळीस वर्षं आधी! मी अजूनही एखाद्या गाठीच्या काचपट्टीवर तीन ध्रुवांची पेशी पाहिली की त्या माणसाची आठवण काढते.

पहिलं कुलूप घेऊ, ‘एकदाच’चं.

सगळ्यांना पहिल्यांदा वाटतं ते असं: पेशीद्रवात एस-टप्प्यापुरतं काहीतरी ‘चालू’ होतं, टप्पा संपला की ‘बंद’ होतं, म्हणून नक्कल एकदाच. हे खरं असतं तर एस-टप्प्यात अडवलेल्या कुठल्याही पेशीत सेंट्रिओल वाढतच गेले असते. तुमच्या आरपीई-१मध्ये तसं झालेलं नाही. म्हणजे नुसतं वातावरण अनुकूल असून भागत नाही.

हे नेमकं सिद्ध झालं २००३मध्ये. स्टॅनफर्डमध्ये वाँग आणि स्टर्न्स यांनी वेगवेगळ्या टप्प्यांतल्या मानवी पेशी एकमेकींत मिसळल्या. १९७०मध्ये राव आणि जॉन्सन यांनी हेला पेशी जोडून डीएनएबद्दल जो प्रश्न विचारला होता, तोच यांनी सेंट्रोसोमबद्दल विचारला. ज्याची नक्कल आधीच झाली आहे असा जी-२मधला सेंट्रोसोम एस-टप्प्याच्या वातावरणात आणून ठेवला तर तो पुन्हा वाढेल का? वाढला नाही. त्याच पेशीद्रवात, शेजारीच असलेला, अजून नक्कल न झालेला सेंट्रोसोम मात्र वाढला. एकच खोली, एकच हवा, आणि दोन सेंट्रोसोम वेगळे वागले. याचा अर्थ ‘माझी नक्कल झाली आहे’ ही नोंद पेशीद्रवात नसून त्या सेंट्रोसोमच्या अंगावरच आहे.

नोंद कुठल्या स्वरूपात? याचं उत्तर इतकं साधं निघालं की पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला खरं वाटेना. अंगाला चिकटलेली लेक हीच ती नोंद. लेक जोवर आईला काटकोनात बिलगून आहे, तोवर आई दुसरं पिल्लू घालत नाही. यद्रांका लोंचारेक आणि सहकाऱ्यांनी २००८मध्ये एस-टप्प्यात अडवलेल्या पेशीतली लेक लेझरच्या झोताने जाळून टाकली. तोच टप्पा, तीच पेशी, तीच आई. तिच्या अंगाला पुन्हा नवं पिल्लू फुटलं. तेही जाळलं तर पुन्हा फुटलं. यापेक्षा स्वच्छ प्रयोग मला या विषयात दुसरा माहीत नाही. लेक काढली की कुलूप उघडतं, बाकी काहीही बदलावं लागत नाही.

मग सामान्य पेशीत लेक आईपासून सुटते कधी? विभाजनाच्या शेवटी. तिथे दोन गोष्टी लागतात. एक पीएलके१ हे कायनेज, म्हणजे इतर प्रथिनांना फॉस्फेट चिकटवणारं प्रथिन, आणि दुसरं सेपरेज. सेपरेज हे नाव तुम्ही गुणसूत्रांच्या संदर्भात वाचलं असेल. भगिनी क्रोमॅटिडना, म्हणजे एका गुणसूत्राच्या दोन प्रतींना, बांधून ठेवणारं कोहेसिन कापणारी कात्री ती हीच. स्टर्न्सच्याच प्रयोगशाळेतून २००६मध्ये त्सू यांनी दाखवलं की आई-लेक वेगळ्या व्हायलाही हीच कात्री लागते. पुढे हेही कळलं की भोवतालच्या गोळ्यातलं पेरिसेंट्रिन हे प्रथिन ती कापते आणि त्यामुळे गोळा सैल होतो. तुम्ही विचारलात तो परवाना हाच. गुणसूत्रांची वाटणी आणि सेंट्रोसोमचा परवाना एकाच कात्रीने, एकाच क्षणी सुटतो, म्हणून दोन्ही हिशेब एकमेकांशी जुळलेले राहतात. विभाजन झाल्याशिवाय पुढच्या नकलेची मुभा नाही.

आणखी एक अट आहे, तिच्याकडे बरेच जण दुर्लक्ष करतात. सुटलेली लेक लगेच स्वतः आई होऊ शकत नाही. तिला आधी आपल्याभोवती प्रथिनांचा गोळा बांधता यायला हवा आणि पुढे पिल्लासाठी लागणारी माणसं, म्हणजे सीईपी१९२ आणि सीईपी१५२ ही प्रथिनं, आपल्याकडे बोलावता यायला हवीत. हे वयात येणंही विभाजनातूनच होतं आणि त्यालाही पीएलके१ लागतं. टोकाला येणारी पूर्ण वाढीची उपांगं तर त्याच्याही पुढच्या चक्राच्या शेवटी येतात. म्हणून सेंट्रिओल पूर्ण प्रौढ व्हायला जवळजवळ दीड चक्र लागतं. हे लक्षात ठेवा, मोजणीच्या वेळी उपयोगी पडणार आहे.

आता तुमच्या प्रयोगाकडे या. पीएलके१ सामान्यतः जी-२च्या उत्तरार्धात आणि विभाजनात चढतं. एस-टप्प्यात अडवलेल्या बहुतेक पेशींत ते खालीच राहतं, म्हणून लेक चिकटलेली राहते, कोवळी राहते आणि आकडा चारवर थांबतो. पण काही पेशी अशा आहेत की चक्र लांबलं की पीएलके१ हळूहळू चढू लागतं. मग विभाजन न होताच लेकी वयात येतात, आईपासून दूर सरकतात आणि आई नव्या पिल्लाला मोकळी होते. लोंचारेक यांच्याच २०१०च्या कामातून हे पुढे आलं. एस-टप्प्यात एरवी शांत राहणाऱ्या पेशीतही सक्रिय पीएलके१ घातलं की वाढ सुरू होते. तुमच्या यू-२-ओएसमध्ये हेच घडत असणार. दोन-तीन दिवस लागतात तेही त्यामुळेच, कारण प्रत्येक फेरीला लेक पिकायला वेळ जातो.

तुम्ही सीडीके२ या पेशीचक्र पुढे नेणाऱ्या कायनेजबद्दल थेट विचारलं नाहीत, पण पुढे विचाराल, म्हणून आताच सांगते. पाठ्यपुस्तकांत अजून लिहिलेलं असतं की सीडीके२ आणि त्याचा जोडीदार सायक्लिन-ई सेंट्रोसोमची नक्कल सुरू करतात. बेडकाच्या अंड्याच्या अर्कात आणि काही पेशींत १९९९मध्ये तसं दिसलं होतं आणि ते प्रयोग चांगलेच होते. पण सीडीके२ नसलेले उंदीर जगतात आणि त्यांच्या पेशींत सेंट्रोसोम नीट दुप्पट होतात. रोजच्या नकलेला सीडीके२ अपरिहार्य नाही. कर्कजनुकांच्या जोरावर होणाऱ्या जादा वाढीला मात्र ते लागतं. म्हणजे तुमच्या यू-२-ओएसमध्ये सीडीके२ रोखून ठिपके कमी झाले, तर त्यावरून ‘सामान्य नक्कल सीडीके२वर चालते’ असा निष्कर्ष काढता येणार नाही.

आता दुसरं कुलूप, ‘एकच’चं. माझी बरीच वर्षं याच्यावर गेली, त्यामुळे इथे थोडी रेंगाळणार आहे.

२००५मध्ये एरिक निग आणि मोनिका बेतेंकूर-दियास यांच्या गटांनी, एकाने मानवी पेशींत आणि दुसऱ्याने मुख्यतः फळमाशीत, दाखवलं की नव्या सेंट्रिओलची सुरुवात पीएलके४ हे कायनेज करतं. त्याला वगळलं की चक्रागणिक सेंट्रिओल कमी होत जातात, जास्त दिलं की वाढतात. तेही एकामागून एक नाही, एकाच वेळी, एकाच आईभोवती. पाच-सहा पिल्लं आईच्या बुडाभोवती कोंडाळं करून बसतात. सूक्ष्मदर्शकाखाली अगदी तगरीच्या फुलासारखं दिसतं: मध्ये आई, भोवती पाकळ्या. हे फूल दिसलं की समजायचं, ‘एकच’चं कुलूप तुटलंय. तुमच्या चित्रांत ठिपके विखुरलेले आणि जोडी-जोडीने आहेत, असं तुम्ही लिहिलंत. म्हणून मी सुरुवातीलाच पहिल्या कुलपाकडे बोट दाखवलं.

पीएलके४ इतकं धोक्याचं असेल तर पेशी त्याला आवरते कशी? ते स्वतःच स्वतःला संपवतं. पीएलके४चे दोन रेणू जोडीने राहतात आणि एकमेकांच्या एका ठराविक पट्टीवर फॉस्फेट चिकटवतात. ती पट्टी फॉस्फेटसकट दिसली की बीटा-टीआरसीपी हे प्रथिन तिला पकडतं, युबिक्विटिनची माळ, म्हणजे ‘नष्ट करा’ची खूण, घालतं आणि प्रोटिएसोम हे प्रथिनं मोडणारं यंत्र रेणू फस्त करतं. म्हणजे जितकं जास्त कार्यक्षम, तितकं लवकर नष्ट. म्हणूनच सामान्य पेशीत पीएलके४ इतकं थोडं असतं की त्याचा वेस्टर्न ब्लॉट, म्हणजे प्रथिन ओळखण्याची चाचणी, काढताना आमच्या लॅबमध्ये कितीतरी महिने गेले होते.

यातून एक चमत्कारिक वाटणारी गोष्ट निघते आणि ती तुम्ही स्वतः करून पाहा. सेंट्रिनोन-बी हे पीएलके४ला अडवणारं औषध. आरपीई-१ पेशींना सुमारे ५०० नॅनोमोलर दिलं की काही दिवसांत सेंट्रिओल नाहीसे होतात, अपेक्षेप्रमाणे. पण त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यात दिलं तर सेंट्रिओल वाढतात! कारण थोड्या औषधाने पीएलके४ स्वतःला संपवण्याइतकं काम करत नाही, त्यामुळे साठत जातं, आणि साठलेल्यात उरलेली धग नवी पिल्लं सुरू करायला पुरते. ‘अडवणारं औषध दिलं, म्हणजे कमी व्हायला हवं’ असं गृहीत धरून एकच मात्रा वापरली तर या विषयात हमखास फसायला होतं. मात्रांची पूर्ण शिडी लावल्याशिवाय पीएलके४च्या औषधाबद्दल एक वाक्यही लिहू नये, असं माझं मत आहे.

स्वतःला संपवण्याने प्रमाण कमी राहतं, हे समजलं. पण जागा एकच कशी निवडली जाते? एस-टप्प्याआधीच्या जी-१मध्ये पीएलके४ आईच्या बुडाभोवती पूर्ण कड्यासारखं बसलेलं असतं, आधी सीईपी१९२च्या आणि मग सीईपी१५२च्या आधाराने. एस-टप्पा जवळ आला की कडं विरळ होत होत एका बाजूला एकच ठिपका उरतो. पिल्लू तिथेच फुटतं. कड्याचा ठिपका होण्यात स्टिल या प्रथिनाचा हात आहे. स्टिल जिथे पीएलके४ला भेटतं तिथे ते त्याला एकाच वेळी चेतवतं आणि नष्ट होण्यापासून वाचवतंही. समजा कड्यावर एका जागी योगायोगाने स्टिल थोडं जास्त आलं. तिथलं पीएलके४ टिकतं, टिकल्यामुळे आणखी स्टिल ओढतं, आणि बाकी कड्यावरचं पीएलके४ स्वतःला संपवत जातं. एका जागी जिंकणारा बाकी सगळ्यांना हरवतो. पीएलके४ने फॉस्फेट लावलेलं स्टिल मग एसएएस-६ या प्रथिनाला बोलावतं. एसएएस-६च्या जोड्या नऊ आऱ्यांचं चाक रचतात, आणि सेंट्रिओलमध्ये नऊच नलिका का, याचं मोठं उत्तर त्या चाकात आहे. २०११मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी एसएएस-६ची स्फटिकरचना काढली तेव्हा ते आकृतीतच दिसलं. जीवशास्त्रात इतकं सरळ चित्र क्वचित मिळतं. चाकाभोवती मग सीपॅप हे प्रथिन नलिका उभ्या करतं आणि सीपी११० हे दुसरं प्रथिन टोकाला झाकण घालतं.

इथे वेळेचं कुलूप पुन्हा येऊन मिळतं. विभाजनाच्या शेवटी एपीसी हे यंत्र स्टिल आणि एसएएस-६ दोघांना नष्ट करतं, आणि विभाजन चालू असताना सीडीके१ हे विभाजन घडवणारं कायनेज स्टिलला धरून ठेवून पीएलके४ला भेटू देत नाही. म्हणजे आई-लेक सुटण्याच्या गडबडीत चुकून नवं चाक रचलं जाऊ नये याची तजवीज आहे. दोन कुलपं वेगळी असली तरी ती लावणारे हात काही ठिकाणी सामाईक आहेत, हे मला या सगळ्या यंत्रणेतलं सगळ्यात विलोभनीय वाटतं.

आता पी५३कडे परत जाऊ, कारण तुमची शंका अगदीच निराधार नव्हती. पी५३ ही नक्कल थांबवत नाही, पण संख्या चुकल्यावर पेशीला पुढे जाऊ देत नाही. तेही दोन्ही बाजूंनी. सेंट्रिओल गेले, विभाजन लांबलं, की ५३बीपी१ आणि यूएसपी२८ ही प्रथिनं मिळून पी५३ला जागं करतात आणि पेशी जी-१मध्ये थांबते. सेंट्रिओल जास्त झाले की वेगळा मार्ग चालतो. त्यात पेशी चक्क प्रौढ आया मोजते. एएनकेआरडी२६ हे प्रथिन प्रौढ सेंट्रिओलच्या उपांगांवर असतं, ते पीआयडीडी१ला धरतं, त्यातून कॅस्पेज-२ ही प्रथिनं कापणारी कात्री जागी होते आणि एमडीएम२ कापते. एमडीएम२ कापलं गेलं की पी५३ वाढतं. म्हणून आरपीई-१सारख्या पेशींच्या ताटात जादा सेंट्रोसोमवाल्या पेशी तयार झाल्या तरी त्या मागे पडतात आणि आठवड्याभरात दिसेनाशा होतात. यू-२-ओएसमध्ये त्या टिकून राहण्याशी पी५३च्या कमी दराऱ्याचा संबंध असू शकतो. ‘तयार का झाल्या’ याच्याशी मात्र त्याचा संबंध नाही. हा फरक तुमच्या चर्चेच्या प्रकरणात स्वच्छ यायला हवा.

कर्करोगाच्या बाजूने हा विषय किती खोल जातो, ते एका उदाहरणातून सांगते. काही स्तनकर्करोगांत सतराव्या गुणसूत्राचा एक तुकडा अनेकपट झालेला असतो, त्यावर ट्रिम३७चं जनुक आहे. ट्रिम३७ जास्त झालं की सेंट्रिओल नसताना ध्रुव बांधायला पेशी जे सीईपी१९२ वापरते, ते उरत नाही. अशा पेशींना पीएलके४चं औषध देऊन सेंट्रिओल काढून घेतले की त्या विभाजनातच अडकून मरतात, सामान्य पेशी मात्र फक्त थांबतात. २०२०मध्ये हे दोन गटांनी एकदमच मांडलं. आपल्याकडेही या दिशेने काम झालेलं आहे. नवी मुंबईत खारघरला टाटा मेमोरियल सेंटरचं अॅक्ट्रेक हे कर्करोग संशोधन केंद्र आहे. तिथे १४-३-३ गॅमा हे प्रथिन घटवल्यावर सेंट्रोसोम वाढतात, हे दाखवलं गेलं. सीडीके१ला चालना देणारं सीडीसी२५सी मोकाट सुटतं, सीडीके१ वेळेआधी चढतं आणि न्यूक्लिओफॉस्मिन या प्रथिनावर फॉस्फेट लागतं, अशी ती साखळी. तुम्ही महाराष्ट्रात पुढे पीएचडीचा विचार करत असाल तर हे काम जरूर वाचा.

उलट बाजू, म्हणजे सेंट्रिओल कमी पडण्याची, मेंदूत दिसते. स्टिल, सीपॅप, सीईपी१५२, सीईपी१३५ यांच्या जनुकांत दोष असलेली बाळं जन्मतःच लहान डोक्याची असतात. वर सांगितलेलं तेच पी५३ वाढत्या मेंदूतल्या पेशींना संपवतं. उंदरात पी५३ काढून टाकलं की मेंदूचा आकार बराच सुधारतो.

आता तुमचं ताट आणि तुमचा सूक्ष्मदर्शक. ठिपके मोजण्यावर सगळं उभं आहे, म्हणून मोजणी नीट करा. पेशी उणे २० अंशांच्या मिथेनॉलमध्ये पक्क्या करा. फॉर्मल्डिहाइडमध्ये सेंट्रिनचे ठिपके फिके येतात आणि पार्श्वभूमी वाढते. सेंट्रोसोम केंद्रकाच्या वर किंवा खाली बसलेला असतो, म्हणून एका पातळीचं चित्र घेऊन मोजू नका. वरपासून खालपर्यंत ०.२ मायक्रोमीटरच्या पायऱ्यांनी चित्रं घ्या आणि थर एकामागून एक सरकवत मोजा. एकावर एक उभे असलेले दोन सेंट्रिओल सपाट केलेल्या चित्रात एकच ठिपका होतात. मी स्वतः पहिल्या वर्षी सपाट चित्रांवरून मोजलेला एक पूर्ण संच फेकून दिला होता, कारण अर्ध्या पेशींत तीनच ठिपके निघत होते आणि कारण सापडायला दोन महिने लागले. चमकतं सेंट्रिन घातलेल्या पेशी वापरत असाल तर फार झगझगीत पेशी वगळा. त्यांत सेंट्रिओल नसतानाही ठिपके जमतात. प्रत्येक खऱ्या ठिपक्याला दुसऱ्या प्रथिनाची, सीपी११०ची किंवा सीईपी१३५ची, साक्ष हवी.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: आठ ठिपके दोन पूर्ण वेगळ्या रस्त्यांनी येऊ शकतात. एक म्हणजे नक्कल पुन्हा झाली. दुसरा म्हणजे विभाजन शेवटच्या क्षणी फसलं, दोन पेशी एकीतच राहिल्या आणि त्यांचे सेंट्रिओल एकत्र जमा झाले. फरक ओळखायला सीईपी१७० रंगवा. ते फक्त प्रौढ आईवर असतं. नक्कल पुन्हा झाली असेल तर ठिपके आठ पण सीईपी१७०चा ठिपका साधारण एकच. विभाजन फसलं असेल तर प्रौढ आया दोन किंवा जास्त, आणि केंद्रकही मोठं किंवा दोन. दीड चक्राची गोष्ट म्हणाले होते ती यासाठी. फक्त दोन दिवसांच्या आत हे पाहा, कारण फार लांबवलं तर पीएलके१ चढलेल्या पेशींत लेकीही उपांगं धरू लागतील आणि हा पुरावा पुसट होईल.

मग तुमच्या मूळ शंकेची कसोटी. यू-२-ओएसचे चार संच लावा: काहीही न घातलेला, फक्त हायड्रॉक्सियुरिया, हायड्रॉक्सियुरियासोबत पीएलके१ अडवणारं बीआय-२५३६, आणि हायड्रॉक्सियुरियासोबत सेंट्रिनोन-बी, सेंट्रिओल नाहीसे करणाऱ्या पूर्ण मात्रेत. शून्य, २४, ४८ आणि ७२ तासांना काचा काढा, प्रत्येक वेळी किमान शंभर पेशी मोजा, आणि मोजणाऱ्याला कुठली काच कुठली हे कळू देऊ नका. पीएलके१ अडवल्यावर ठिपके चारवर थांबले, तर तुमच्या पेशींत आई-लेक वेळेआधी सुटत होत्या, असं धरायला जागा आहे. सेंट्रिनोन-बीने तर ते थांबायलाच हवेत. नाही थांबले तर आधी औषधाची बाटली किती जुनी आहे ते बघा. बीआय-२५३६च्या संचात एक काळजी घ्या. हायड्रॉक्सियुरियातून निसटलेल्या थोड्याबहुत पेशी विभाजनात अडकून गोल होतील. त्यांच्यात ध्रुव वेगळे न झाल्याने सगळे ठिपके मध्यभागी गोळा झालेले दिसतील, त्यांना या मोजणीत घेऊ नका. आणि एसएएस-६ रंगवलंत तर नव्या पिल्लांची बुडं थेट दिसतील. एका आईजवळ किती, एक की अनेक, ते तिथेच मोजा आणि आकडे मला पाठवा.